बळवंतरावांचा दहावा

लग्नात सासऱ्यांनी मला घड्याळ दिलं आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत पाय दिला. घड्याळाचं सगळ्यांनी कौतुक केलं. पाय मात्र मी एकट्याने सायकलच्या कॅरियरला बांधून पुण्याहून पिंपरीला आणला, आणि त्याबद्दल आजवर एकाही माणसाने मला शाबास म्हटलेलं नाही. उलट सासुरवाडीत अजून ऐकावं लागतं की जावयाने पाय उलटा बांधला होता, बोटं मागे करून. म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकतो.

माझे सासरे सयाजीमामा जुन्या पिंपरी गावातले. पवनेच्या काठाला मळा, दारात बैलजोडी, एक मुलगी इंद्रायणी, म्हणजे माझी बायको, आणि एक पाय. पाय तसे दोन होते, पण गाव नाव घ्यायचं ते डाव्याचंच. तरुणपणी मामा तालमीत कुस्ती खेळायचे आणि डाव्या पायाने आतली टांग लावून समोरच्याला असं उताणं पाडायचे की त्याला आधी आभाळ दिसायचं आणि मग काय झालं ते कळायचं. चाकणच्या यात्रेत त्यांनी यशवंतराव नावाच्या दांडग्या पैलवानाला याच टांगेने लोळवलं होतं. त्या कुस्तीला कितीतरी वर्षं झाली तरी यशवंतराव चाकणात सांगत फिरायचे की आपली पाठ टेकलीच नव्हती, आणि पिंपरीत ज्याने ती कुस्ती पाहिलीही नव्हती तोसुद्धा शपथेवर सांगायचा की टेकली होती. मी इंद्रायणीला बघायला गेलो तेव्हा पोहे यायच्या आधी मामांनी धोतर वर सारून मला डावी पिंढरी दाखवली. मुलगी नंतर आली. मी सांगवीचा, खडकीच्या कारखान्यात फिटर. पिंढरी चांगली आहे असं मी म्हणालो आणि लग्न ठरलं.

मामांना त्या पायाखेरीज कशाचा अभिमान नव्हता, आणि बिडीखेरीज कशाचा नाद नव्हता. सकाळी डोळे उघडायच्या आधी ती तोंडात असायची. नांगर धरतानाही असायची, जेवताना ताटाच्या कडेला असायची. माझ्या सासूबाई, कौशल्याबाई, त्यांना मी मामी म्हणतो, त्या सांगायच्या की लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हा आपल्याला आधी धूर दिसला आणि मग नवरा.

पंचावन्न सालच्या थंडीत मामांची पिंढरी चालताना धरायला लागली. घरापासून मळ्यापर्यंत जायचं तर मधे थांबावं लागे. मामा एखाद्या दगडावर बसत, बिडी ओढत, कळ ओसरली की पुढे निघत. हळूहळू त्यांचे दगड ठरून गेले. लोक पत्ता सांगताना ‘सयाजीच्या दुसऱ्या दगडापासून डावीकडं वळा’ असं सांगू लागले. मग ते दगड घराच्या जवळ जवळ सरकायला लागले. खरं तर तेव्हाच कोणीतरी घाबरायला हवं होतं. पण मामांचे चुलतभाऊ अर्जुनराव, जे भावकीत वयाने मोठे आणि कुठल्याही विषयात शेवटचा शब्द आपलाच असं मानणारे, ते म्हणाले, “बरंच झालं की. लांब जायची दगदग वाचली.”

पाय गार पडायला लागला. गार म्हणजे नदीतून काढलेल्या गोट्यासारखा. मामांचं म्हणणं, बिडीने ऊब येते. त्यामुळे पाय जितका गार तितक्या बिड्या जास्त, आणि बिड्या जितक्या जास्त तितका पाय आणखी गार. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. अर्जुनरावांनी उपाय काढला की पाय उकिरड्यात पुरावा, आत शेणाची ऊब असते. मामा दोन दिवस उकिरड्यात पाय घालून बसून राहिले. येणारे-जाणारे राम राम करत, मामाही तिथून राम राम करत. त्याने भागलं नाही तेव्हा भाजलेली वीट फडक्यात गुंडाळून तळव्याला लावली. पायाला संवेदनाच उरली नव्हती, त्यामुळे कातडी भाजली हे मामांना वास आल्यावर कळलं. त्या भाजल्या जागी जखम झाली, ती भरेना, आणि अंगठा काळा पडला.

आता तरी पुण्याला नेऊ या, असं मी म्हणालो. अर्जुनरावांनी माझ्याकडे फार समजूतदारपणे पाहिलं. रुळांच्या पलीकडे तेव्हा सरकारी औषधांचा कारखाना उभा राहत होता. “पाव्हणं,” ते म्हणाले, “औषधाचा कारखानाच दारात येतोय. मंग पुण्याला कशापायी जायाचं? भिंती झाल्यात. पत्रं पडले की आपल्यालाच पयलं मिळंल.” आणि गावाने ते मानलं. पत्र्यांची वाट बघण्यात काळेपणा अंगठ्यावरून घोट्यापर्यंत चढला. शेवटी मामींनी एका सकाळी कोणाला न विचारता बैलगाडी जुंपायला लावली आणि मामांना पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात आणून घातलं.

तिथले सर्जन गोरे, बारीक आणि तिरसट होते. त्यांनी दोन्ही पायांच्या नाड्या तपासल्या. डाव्याची लागलीच नाही. उजव्याची लागली, पण बारीक. मग मामांची बोटं हुंगली आणि पिवळी नखं पाहिली.

“शेतात पाटाचं पाणी देता ना?” त्यांनी विचारलं. “पाट गाळाने भरला तर शेवटच्या वाफ्याचं काय होतं?”

“करपतं,” मामा म्हणाले.

“डाव्या पायाचं तेच झालं आहे. रक्त नेणाऱ्या नळ्या आतून सुजून बंद पडल्या आहेत. हा पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, नाहीतर विष वर चढून तुम्ही जाल. उजव्याचंही सुरू झालं आहे, पण तो वाचवता येईल. पोटाच्या बाजूने आत जाऊन कण्याजवळची मज्जातंतूंची साखळी कापायची. ते मज्जातंतू रक्तवाहिन्यांना आवळून धरतात. ते तोडले की रक्तवाहिन्या सैल होतात आणि पायाला रक्त मिळतं.”

मामांचा चेहरा उजळला. “म्हंजी आत कुणीतरी पकड धरलीय, अन् तुमी तेचा हात तोडनार.”

“अगदी बरोबर. आणि तुम्ही ओढता ती प्रत्येक बिडी म्हणजे त्या पकड धरणाऱ्याला खुराक आहे. बिडी सुटल्याशिवाय मी उजव्या पायासाठी सुरी उचलणार नाही. मी हात तोडायचा आणि तुम्ही त्याला दूध-बदाम चारायचे, असले धंदे मी करत नाही.”

डॉक्टरांची पाठ वळल्यावर मामांनी मला हळूच विचारलं, काडीपेटी आहे का.

डावा पाय काढला. शुद्धीवर आल्या आल्या मामांनी जी पहिली गोष्ट मागितली ती पाणी नव्हे. “माझा पाय कुठाय?” त्यांचं म्हणणं असं की ज्या पायाने पिंपरीचं नाव केलं तो पुण्याच्या कचऱ्यात जाता कामा नये. दवाखान्यात असली मागणी पूर्वी कोणी केली नव्हती, त्यामुळे नाही म्हणायचा नियमही नव्हता. त्यांनी पाय कापसात, मग कापडात, मग गोणपाटात गुंडाळून माझ्या हातात दिला. मामी मामांजवळ थांबल्या. मी तो कॅरियरला बांधला आणि निघालो.

वाटेत जकात नाका लागला. नाक्यावरच्या कारकुनाने गोणपाटाकडे बोट केलं.

“काय आहे?”

“पाय.”

“बकऱ्याचे?”

“सासऱ्याचा.”

त्याने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, गोणपाटाकडे बघितलं. माणूस नोकरीत मुरलेला होता. पेन परत उचलून म्हणाला, “विकायला नेताय का घरच्यासाठी?”

“घरच्यासाठी.”

“मग जा,” तो म्हणाला.

गावात माझ्या आधीच बातमी पोचली होती. अर्जुनराव वेशीत भावकी घेऊन उभे होते. त्यांनी ठरवूनच टाकलं होतं की पाय साधासुधा नाही, तेव्हा त्याला खांदा मिळाला पाहिजे. तिरडी बांधली. पण पायाच्या मापाची तिरडी ती केवढी असणार! हातभर लांब. तिला चार माणसांनी खांदा दिला, आणि पवनेच्या घाटापर्यंत त्यांची डोकी एकमेकांवर आपटत राहिली. मधे एकाने रागाने दुसऱ्याला शिवी दिली तेव्हा अर्जुनराव म्हणाले, “अरं, मयताम्होरं तरी तोंड आवरा.” घाटावर त्यांनीच अग्नी दिला आणि मी डोक्यावरून आंघोळ करून सांगवीला गेलो. संपलं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी मामींना दवाखान्यातून गावी घेऊन आलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भावकीसमोर उभं राहून विचारलं, “मंग दहावा कवा हाय?”

अर्जुनरावसुद्धा गडबडले. “दहावा? सयाजी जित्ता हाय की.”

“अग्नी दिलाय न्हवं तुमी? अग्नी दिला तर दहावा करायचा. अर्धं काम करून ठिवायचं, अन् तो पाय रोज राती घरात येऊन हिंडायचा. तुमाला चालंल, मला न्हाई चालायचं.”

मला नवल वाटलं. मामी अशा बाबतीत कधीच कर्मठ नव्हत्या. पण ‘पाय हिंडायचा’ हे ऐकल्यावर पुढे कोणी वाद घातला नाही.

अडचणी मात्र पुष्कळ निघाल्या. गुरुजी म्हणाले, विधीत गेलेल्याचं नाव घ्यावं लागतं. ‘सयाजी’ म्हणता येणार नाही, कारण सयाजी पुढ्यात बसलेला असणार आणि स्वतःच्या नावाने त्याला पिंड दिला तर तो उद्याच जायचा. तेव्हा पायाला वेगळं नाव हवं. नाव हवं तर बारसं हवं. म्हणून सुतकातच बारसं झालं, पाळण्याशिवाय, कारण पाळण्यात घालायला काही शिल्लक नव्हतं. अर्जुनरावांनी ‘बळवंत’ नाव सुचवलं. मामी म्हणाल्या, “पोरीच्या पाठीवर मुलगा व्हावा म्हणून किती नवस केलं, तवा न्हाई झाला. आता नाव ठिवायची येळ आली ती हितं.” त्यांचे डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं. त्या दिवसापासून पायाला गावात कोणी पाय म्हणालं नाही. बळवंतराव म्हणायचे, आणि तेही आवाज खाली आणून.

इकडे दवाखान्यात मामा बिड्या ओढतच होते. नर्सने उशीखालच्या काढून घेतल्या तर त्या कापलेल्या पायाच्या पट्टीत निघाल्या. मला त्यांनी समजावून सांगितलं, “पाव्हणं, आता पाय एकच राह्यला. म्हंजी निम्म्या बिड्या बास व्हत्यात.” त्यांच्या लेखी हा मोठा त्याग होता. उजव्या पायाची करंगळी तोवर निळसर दिसायला लागली होती. मी डॉक्टरांकडे पाहिलं की ते मान फिरवून पुढच्या खाटेकडे जात. मामींना त्यांनी एकदाच स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर हाही पाय काढावा लागेल, आणि त्यानंतर मला काही विचारायला येऊ नका. त्या दिवशी मामी व्हरांड्यात बराच वेळ उभ्या होत्या. रडल्या नाहीत. त्यांच्या रागाची मला भीती वाटली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मामांनी डॉक्टरांना हात जोडले. “डाक्टर, उद्या एक दिस सुट्टी पायजे. घरात दहावा हाय.”

“अरेरे,” डॉक्टर म्हणाले. “कोण गेलं?”

“पाय.”

डॉक्टरांनी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघत होतो. ते म्हणाले, “सकाळी जा, संध्याकाळी परत या. जखमेला पाणी लागता कामा नये. आणि परत आल्यावर तोंडाला बिडीचा वास आला, तर उजव्याच्या दहाव्याची तारीखही गुरुजींना विचारून या.”

घाटावर सकाळी अख्खं गाव जमलं. मामांना गाडीतून आणून बाजेवर बसवलं. कर्ता म्हणून मामाच, कारण त्यांच्याइतकं बळवंतरावांना जवळचं कोणी नव्हतं. कर्त्याने मिशी उतरवायची असते. मामांची मिशी तर पायाच्या खालोखाल प्रसिद्ध. भैरू न्हावी वस्तरा घेऊन उभा राहिला, पण त्याचा हात उठेना. मग त्यानेच तोड काढली. “बळवंतराव डाव्या अंगाचं. मंग डावीच बाजू उतरवतो. उजव्या बाजूचं अजून हायेत की.” गुरुजींनी विचार करून मान डोलावली. अर्धी मिशी गेली. उरलेल्या अर्ध्या मिशीने मामा रडायला लागले, आणि ते दृश्य असं होतं की कोणालाही त्यांच्याकडे नीट बघवेना.

इतक्यात चाकणहून यशवंतराव पैलवान आले. दुखवट्याचा टॉवेल-टोपी घेऊन. ज्या पायाने त्यांना लोळवलं त्याच्या दहाव्याला. टॉवेल-टोपी घरच्या दुःखी माणसाला द्यायची, म्हणून त्यांनी ती मामांना दिली आणि गळ्यात पडून म्हणाले, “सयाजी, असा पाय परत व्हनार न्हाई रं.” मामाच त्यांची समजूत घालत बसले.

पिंड ठेवले. सगळे मागे सरले. पलीकडच्या काठाला बाभळीवर कावळे बसलेले दिसत होते. एकही हलेना. ‘काव काव’ करून झालं, केळीच्या पानावर दही घालून झालं. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली. मग इच्छा शोधायला सुरुवात झाली. अर्जुनराव पुढे झाले, पाणी सोडून म्हणाले, “बळवंतराव, तालमीची पडकी भिंत मी बांधून देईन.” कावळे बसून. मामा म्हणाले, “बैलाला मी कंदी लाथ मारली आसंल, तर ती चूक माझी, तुमची न्हाई.” कावळे बसून. ऊन वर चढलं. बायका-माणसांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, बाभळीवरचे मात्र गप्प.

शेवटी यशवंतराव उठले. घाम पुसला. लोकांकडे पाठ करून नदीकडे तोंड केलं आणि मोठ्यांदा म्हणाले, “बळवंतराव, माझी पाठ टेकली व्हती.”

इतक्या वर्षांनी चाकणने मान्य केलं होतं. लोकांना वाटलं, आता तर कावळा धावत येणार. नाही आला. यशवंतरावांचं तोंड बघण्यासारखं झालं. उगीचच बोललो, असं त्यात स्पष्ट दिसत होतं.

मग मामांना सुचलं. “मला कळलं. त्येला बिडी पायजे.” अर्जुनरावांनी पेटवलेली बिडी पिंडाजवळ ठेवली. ती जळत जळत विझली. एक कावळा उडाला, सगळे उभे राहिले, तो फांदी बदलून परत बसला.

दुपार कलली तेव्हा मामी पुढे आल्या. पदर खोचलेला, आवाज शांत. बाजेपाशी जाऊन त्या मामांचा उजवा पाय हातात घेऊन बसल्या.

“मला ठावं हाय त्येंला काय पायजे ते,” त्या म्हणाल्या. “बळवंतराव थोरलं. हे धाकटं. थोरला वर गेला, पर त्येचा जीव धाकट्यात अडकलाय. हाबी माज्या मागं येतोय का, ह्येच बघत बसलाय तिकडं. बगा करंगळी. निळी झालीय.”

मामांनी करंगळीकडे पाहिलं. इतके दिवस डॉक्टरांनी दाखवली, मी दाखवली, तेव्हा त्यांनी पाहिली नव्हती. आता बघत राहिले.

“दुसरं काय पन माग,” ते म्हणाले. “बैल दीन, मळा दीन.”

“बैल घिऊन बळवंतराव काय करत्याल?” मामी म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. मामांच्या ओठाची अर्धी बाजू थरथरत होती, जिथे मिशी नव्हती ती. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की काय सांगू. माणूस पायासाठी सगळी जमीन देईल, पण खिशातली ती तपकिरी काडी देणार नाही! आणि त्याच क्षणी त्यांची कीवही आली, कारण ते खरंच घाबरले होते. बिडीशिवायचे सयाजीमामा कसे असतात हे त्यांनाही माहीत नव्हतं.

त्यांनी मुंडाशातून, सदऱ्याच्या आतून, पट्टीतून, एकेक करून बिड्या काढल्या आणि मामींच्या ओच्यात टाकल्या. मग ओंजळीत पाणी घेतलं. “बळवंतराव,” ते म्हणाले, “धाकट्याला मी जपन. बिडी सोडली. शिवलो तर तुमी वरनं टांग मारा.”

पाणी सोडलं. बाभळीवरून एक कावळा उठला, मग दुसरा, मग सगळा थवाच पिंडांवर असा तुटून पडला की गुरुजींच्या पंच्याला ओढ बसली. लोक रडले, यशवंतराव सगळ्यांत मोठ्याने रडले, आणि भैरूने वस्तरा कपाळाला लावला.

संध्याकाळी गाडीतून दवाखान्यात परत जाताना मामा झोपले होते. मी मामींना म्हणालो, “कमाल झाली. तुम्हाला कसं कळलं?”

मामींनी मामा झोपलेत याची खात्री केली. “कळायचं काय त्यात? पहाटं उठून पलीकडच्या मळ्यात कावळ्यास्नी दोन पातेली भात घातला. खाऊन खाऊन निजली व्हती मेली. दुपार कलली की भूक लागंल, एवढं मला ठावं व्हतं.”

“आणि मामांनी त्याआधी शब्द दिला नसता तर?”

“तर भात फुकट गेला आसता,” मामी म्हणाल्या.

मी हे मामांना त्यांच्या हयातीत कधीच सांगितलं नाही.

अर्धी मिशी पाहून डॉक्टरांनी काही विचारलं नाही. त्यांनी फक्त मामांचं तोंड हुंगलं, मग बोटं हुंगली. दुसऱ्या दिवशी हुंगली, तिसऱ्या दिवशी हुंगली. मामा ताप आल्यासारखे तळमळत होते, खाट गदागदा हलवत होते, मला, अर्जुनरावांना आणि नर्सला नको नको ते बोलत होते, पण वास येत नव्हता. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, “चला, त्या पकडीवाल्याचा हात तोडू या.” आणि तोडला.

गावाला हे पटवणं कठीण गेलं की दुखणं पायाचं आणि टाके कमरेला. पण पायाला हात लावला की लोक गप्प बसत. गार गोटा होता तो पाय तव्यासारखा ऊबदार झाला होता. त्याला घामही येत नसे, त्यामुळे वहाणेत धूळ चिकटत नसे आणि तळवा कायम कोरडा. थंडीत मांजर त्याच पायावर झोपे. अर्जुनराव संध्याकाळी गप्पांच्या निमित्ताने येत आणि बोलता बोलता दोन्ही हात त्या पायावर शेकत. हे सगळं आपण सुचवलेल्या उकिरड्याचाच उशिरा आलेला गुण आहे, असं ते मरेपर्यंत सांगत राहिले.

घरी सोडताना डॉक्टरांनी मामींना बाजूला घेतलं. “बाई, हे काम तुमचं. रोज सकाळी यांच्या पायाला हात लावून बघायचं. ऊबदार असला तर काळजी नाही. गार लागला तर वाट बघायची नाही, तसंच उचलून माझ्याकडे आणायचं.”

मामींनी ते मनावर घेतलं. रोज पहाटे, चूल पेटवायच्या आधी, घोंगडीखाली हात घालून त्या पायाला हात लावत. कधी म्हणत, “हाय,” आणि उठत. बस, तेवढंच. मामा कुबडीवर चालायला लागले, तिला बळवंतरावांचा पुतण्या म्हणायचे. बिडी परत कधी ओढली नाही. ओढणाऱ्यांच्या शेजारी, वाऱ्याच्या बाजूला मात्र मुद्दाम जाऊन बसायचे. कोणी पुढे केली तर आभाळाकडे बोट दाखवून म्हणायचे, “नगं बाबा. वर थोरलं बसल्यात.” काठाकाठाने कारखाने आले, मळ्यात शेड उभी राहिली, बैल गेले, सयाजीचे दगड रस्ता रुंद करताना गेले. ते डॉक्टरही गेले. धाकटा राहिला. इंद्रायणीच्या मुलांची लग्नं मामांनी त्या पायावर उभं राहून लावली.

मग एका पौषातल्या पहाटे मी मुक्कामाला होतो. मामींनी मला हाक मारली. मी आत गेलो. मामा भिंतीकडे तोंड करून निजले होते, घोंगडी नीट पांघरलेली, मांजर खाली उतरून दाराशी बसलेलं. मामी पायथ्याशी बसल्या होत्या. दोन्ही हातांत तो पाय धरलेला, आणि त्या तो चोळत होत्या, सावकाश, न थांबता. मी मामांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं. मामींनी तिकडे पाहिलंच नव्हतं.

“पाव्हणं, पाय गार लागतोय,” त्या म्हणाल्या. “डाक्टरांनी सांगितलंय, वाट बगायची न्हाई. रिक्षा आणा.”

मी चपला घातल्या आणि रिक्षा आणायला गेलो.